ग्राफाइटला ओलावा लागतो
ग्राफाइटचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते कोरडे वंगण म्हणून कोठेही चालते, हे मत अर्धेच बरोबर आहे. हवेतील पाण्याच्या वाफेचे रेणू थरांच्या उघड्या कडांवरील मोकळे बंध बांधून ठेवतात. वाफ नसेल तर घर्षण एकदम वाढते आणि ग्राफाइटची भुकटी होऊ लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ग्राफाइटयुक्त ठोकळे) याच कारणाने विलक्षण वेगाने झिजत होते. मोलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचे वागणे नेमके उलटे आहे: निर्वातात त्याचे घर्षण कमी, दमट हवेत जास्त; म्हणूनच अंतराळयानांच्या बेअरिंगवर त्याचा साधारण १ मायक्रोमीटर जाडीचा थर चढवतात.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात मी काही वर्षे यंत्रमागांची देखभाल केली. सूत तुटू नये म्हणून तेथे हवा मुद्दाम दमट ठेवत असू, त्यामुळे ओलाव्याच्या बाबतीत तेथे ग्राफाइटच सरस ठरते, मोलिब्डेनम डायसल्फाइड नव्हे. मात्र दोन्ही काळी असल्याने कापडाजवळच्या भागांना आम्ही ती कधीच लावली नाहीत. पांढऱ्या टॉवेलवर पडलेला तसा डाग धुऊनही नीट निघत नाही.