मदत हवी आहे: अमेरिकेतली कॉलेज स्विमिंग स्पर्धा इथून कशी बघता?

मंडळी, लेक रोज पहाटे टँकवर जाते, त्यामुळे सध्या घरात एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) महिला जलतरणाचं खूळ शिरलंय. 2024 मध्ये ग्रेचेन वॉल्शने 100 यार्ड फ्रीस्टाइल 44.83 सेकंदांत मारली, 45 च्या आत येणारी पहिलीच मुलगी! तेव्हापासून आम्ही मार्चमधल्या त्यांच्या स्पर्धेची वाट बघतो. पण तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला फायनल म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. मागच्या वेळी गजर लावून उठलो, तर स्क्रीनवर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. मग दोघं अंधारात मोबाइलवर नुसते आकडे रिफ्रेश करत बसलो. बायको दारातून बघून गेली, बोलली काही नाही.

तर, पैसे भरून का होईना, पण भारतातून रीतसर बघायची सोय कुणी वापरली आहे का?

आणखी एक. यार्डातलं टायमिंग मीटरमध्ये कसं धरायचं? तिथला टँक 25 यार्डांचा, म्हणजे 22.86 मीटर, हे ठीक. पण आपल्या 50 मीटरच्या टँकपेक्षा तिथे टर्न दुपटीहून जास्त, आणि प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का मिळतो. नुसता गुणाकार करून भागत नाही. लेकीला स्वतःचं टायमिंग ताडून बघायचंय. कोचिंग करणारं कुणी आहे का इथे?