मदत हवी आहे: मामाची जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे लावायची) रिपेअर करू की नवी घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि पावसाळ्याच्या आधी पाहिजे. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, पण मोटर माझ्या मामाची आहे. मामा आंभोऱ्याजवळ (कुही तालुका) वैनगंगेवर मासेमारी करतो. तिथं आता गोसेखुर्दचं बॅकवॉटर आहे, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे पाणी किती पसरलेलं असते ते. पूल व्हायच्या आधी तो माणसं पलीकडे भंडाऱ्याच्या बाजूनं सोडायचा, त्यात बरे पैसे सुटायचे, आता लोक गाडीनंच पुलावरून जातात, त्यामुळे जाळी, आणि सुट्टीच्या दिवशी चैतन्येश्वराच्या दर्शनाला आलेल्या लोकांना संगमावर फिरवून आणणं, एवढंच उरलं. म्हणजे खर्च करायचा तर विचार करूनच करावा लागते.

मोटर 8 एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, शॉर्ट शाफ्ट, दोरी ओढून सुरू होणारी. जपानी आहे. मामानं सेकंड हॅन्ड घेतली होती, कोकणातून आली होती, वय वीसच्या वरच असेल. बोट फायबरची.

त्रास असा आहे की मोटर थंड असताना दोन-तीन दोऱ्यांत मस्त सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं चालते, मग ताकद कमी होते आणि बंद पडते, आणि एकदा गरम बंद पडली की मग काही केल्या सुरू नाही होत, थंड होईपर्यंत वाट पाहत बसा. मागून पाण्याची जी धार येते ती बारीक झाली आहे आणि हात लावला तर चटका बसते. गिअर ऑइल काढून पाहिलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. ओळखीच्या बाइक गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा) आणून लावला, एका सिलिंडरला 110 दाखवते आणि दुसऱ्याला 75.

नागपुरात एका मेकॅनिकला दाखवली, त्यानं न उघडताच सांगितलं की बोअर गेला (म्हणजे सिलिंडर आतून झिजला), रिबोर करा म्हणजे आतून कोरून घ्या, दोन्ही पिस्टन टाका, आणि जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले तर चांगली सेकंड हॅन्ड मोटर येते. म्हणे भंगारात काढा, नवी घ्या. मामा म्हणतो इतकी वर्षं चालली तर अजून चालेल, फक्त कार्बोरेटर साफ कर. मला दोघांचंही पटून नाही राहिलं. मामा पहाटे एकटाच जातो जाळी काढायला, वल्हं असते सोबत, पण वारा सुटला की त्या पाण्यात वल्ह्यानं काय होते? मला रात्री झोप नाही येत त्याच्या विचारानं. ज्यांनी अशा मोटरी हाताळल्या आहेत त्यांनी प्लीज सांगा, कुठून सुरुवात करू, आणि कोणत्या पॉइंटला समजायचं की आता बस, नवी घ्यायची.

मालवणचा बोटवाला:
आधी एक सांगा, 75 वरच्या सिलिंडरला आहे की खालच्या? आणि टेस्ट कशी केली? दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची असते. थ्रॉटल बंद ठेवून घेतलं तर रीडिंग कमीच येतं.

धागाकर्ता:
वरच्या. प्लग दोन्ही काढले होते, पण थ्रॉटलचं माहीत नव्हतं, आता सांगितलं तशी परत केली. 115 आणि 75. म्हणजे फरक तसाच आहे.

सरळ बोलणारा:
दादा, वीस वर्षं जुनी मोटर, त्यात गिअरमध्ये पाणी, त्यात कॉम्प्रेशन नाही. किती जीव टाकणार तिच्यात? विकून टाका आणि नवी फोर-स्ट्रोक घ्या, पेट्रोल कमी पिते, ऑइल मिसळायची कटकट नाही.

मालवणचा बोटवाला:
घाई करू नका. दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्के फरक चालतो, तुमचा फार जास्त आहे हे खरं. पण मला ही तीन दुखणी वेगळी वाटत नाहीत, निदान दोन तरी एकाच कारणाची आहेत. धार बारीक आणि गरम म्हणजे पाणी पुरेसं वर चढत नाही. मोटरच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, पाण्याचा पंप असतो, त्यात रबराचा इम्पेलर, त्याची पाती झिजतात, वाकडी होतात, तुटतात. पाणी खालून वर येतं, त्यामुळे कमी पडलं की आधी वरचा सिलिंडर तापतो. आणि तापला की बऱ्याचदा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या झाकणामधलं पॅकिंग) जातं, आणि गॅस्केट गेलं की कॉम्प्रेशन पडतं. तुमचा वरचाच कमी आहे. म्हणजे बोअर गेलाच असेल असं नाही, गॅस्केटही असू शकतं, आणि गॅस्केट आणि रिबोर यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. न उघडता कोणीच सांगू शकत नाही, तुमचा मेकॅनिक पण नाही आणि मी पण नाही.

हेड काढा. आत सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवा. नख अडकेल अशी उभी रेघ असेल तर बोअर गेला, मग रिबोर किंवा नवी मोटर, तिथे थांबा. भिंत गुळगुळीत असेल आणि गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मधे किंवा पाण्याच्या भोकाकडे काळा जळका पट्टा दिसत असेल तर देवाचे आभार माना, गॅस्केट टाका, हेडचा चेहरा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घ्या, मोटर वाचली.

फक्त एक, मोटर कोकणातून आली म्हणालात ना, म्हणजे खाऱ्या पाण्यात चाललेली. हेडचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जाम झालेले असणार. जोर लावलात तर डोकं तुटून हातात येईल आणि मग बोल्ट ड्रिल करत बसा. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी बोल्टच्या आजूबाजूला हीट गन द्या, थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं करत करत काढा. इथे घाई करणारे सगळे रडलेत.

धागाकर्ता:
हे कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. गिअर ऑइलचं काय मग? तो मेकॅनिक म्हणे गिअरबॉक्स पण गेला.

मालवणचा बोटवाला:
मामा जाळी टाकतात म्हणजे मला पहिला संशय तंगूसचा, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन धाग्याचा. पंखा काढा आणि शाफ्टवर मागे बघा. जाळ्याचा तुटलेला धागा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि हळूहळू ऑइल सील कापतो, मग पाणी आत. मी काढलेल्या अशा पायांमध्ये कितीतरी वेळा तिथे तंगूसचा पुंजकाच निघालाय. जुनं सील काढून त्यावरचा नंबर बेअरिंगच्या दुकानात दाखवा, साइज जुळली की झालं, फार महाग नसतं. पण ड्रेन स्क्रूच्या चुंबकाला, किंवा चुंबक नसेल तर निघालेल्या ऑइलमध्ये, लोखंडाचे तुकडे आहेत का बघा. बारीक राखेसारखी पूड चालते. दाताचे तुकडे असतील तर गिअर गेला. सील टाकल्यावर पायात थोडी हवा भरून पाण्यात बुडवा, सायकलची ट्यूब तपासतो तसं, बुडबुडा कुठून येतो ते कळतं.

गॅरेजवाला, नागपूर:
भाऊ, दादांनी इंजिनचं बरोबर सांगितलं, मी पेट्रोलचं सांगतो कारण ते सगळे विसरून राहिले. आता पंपावर E20 मिळते, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि टाकीत बरेच दिवस पेट्रोल पडून राहिलं, त्यात पावसाळ्याची दमट हवा, की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसते आणि नळी तळातूनच ओढते. वीस वर्षं जुन्या मोटरचे रबर पाइप, प्रायमर बल्ब, फ्युएल पंपचा डायफ्राम हे इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते, आतून फुगतात, चिकट होतात. काहीही ठरलं तरी पाइप आणि डायफ्राम बदला. आणि मामांना विचारा ऑइल कोणतं टाकतात. बाइकचं टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) टाकत असतील तर ते एअर-कूल्ड इंजिनसाठी असते, आउटबोर्डला डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं पाहिजे. प्रमाण मोटरच्या बुकमध्ये असेल ते, बहुतेक या मोटरींना 50 ला 1.

आणि इम्पेलर तपासताना थर्मोस्टॅट पण काढून पहा, आणि खाली पाणी आत घ्यायच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती पण, तिथं गाळ आणि जलकुंभीचा कचरा भरतो.

भंडाऱ्याचा:
फोर-स्ट्रोक घ्या म्हणणाऱ्यांनी वजनाचा विचार केला का? या पॉवरमध्ये टू-स्ट्रोकपेक्षा दहा-बारा किलो जास्त भरते. मामा मोटर बोटीवरच ठेवतात की रोज घरी नेतात? आणि ती कशीही आडवी टाकता येत नाही, ठरलेल्या बाजूवरच ठेवावी लागते, नाही तर क्रँककेसचं ऑइल सिलिंडरमध्ये जाते.

दुसरं, नवी घ्यायचीच झाली तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के असं अनुदान आहे. मामांच्या केसमध्ये काय बसते ते तिथंच कळेल, पण विचारायच्या आधी पैसे भरू नका. मामी मच्छीमार संस्थेच्या सभासद असतील तर त्यांच्या नावानं पण विचारून ठेवा.

आमच्याकडे काही जण पंपाचं एअर-कूल्ड इंजिन लांब शाफ्ट लावून चालवतात. कर्कश आहे, रिव्हर्स नाही, टुरिस्ट बसणार नाही. पण जलकुंभीत पाणी ओढायचा प्रश्नच नाही आणि कुहीतला कोणीही पंप मेकॅनिक दुरुस्त करेल. नुसती मासेमारी असती तर मी तेच सांगितलं असतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मामा मोटर रोज खांद्यावर घरी नेतो, घाट चढून, त्यामुळे वजनाचा मुद्दा एकदम पटला, हे डोक्यातच नव्हतं.

आज गावाला आलो होतो, पंखा काढून पाहिला. दादा तुम्ही म्हणाले तसंच, शाफ्टभोवती हिरव्या तंगूसचा घट्ट गोळा, ब्लेडनं कापून काढावा लागला, सीलच्या ओठात खाच पडलेली स्पष्ट दिसते. ऑइलमध्ये तुकडे नाहीत, नुसती राखाडी पूड. मामा पाहत होता, बोलला काही नाही, पण स्वतःच जाऊन घरातलं बाइकचं टू-टी बाजूला काढून ठेवलं.

हेडच्या बोल्टवर तेल मारून ठेवलं आहे, घाई करणार नाही. भिंत चांगली निघाली तर गॅस्केट, इम्पेलर, थर्मोस्टॅट, सील, पाइप, डायफ्राम सगळं एकदाच टाकतो. रेघ निघाली तर एक रुपया लावणार नाही, योजनेचा फॉर्म भरतो आणि तोपर्यंत मामाला सांगतो की काठाजवळच जाळी टाक आणि सोबत पोराला ने. लाइफ जॅकेट मी उद्याच घेऊन देतो, मोटर कोणतीही असो.

आता एकच विचारतो, गॅस्केट आणि इम्पेलर नागपुरात मिळून नाही राहिले. मुंबईहून मागवताना मोटरवरच्या प्लेटचा मॉडेल नंबर पुरतो का, की सिरीयल नंबर पण द्यावा लागते? प्लेट अर्धी खरडलेली आहे, मॉडेलची पहिली चार अक्षरंच वाचता येतात.

मालवणचा बोटवाला:
चार अक्षरांवर मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये सालागणिक पंपाचं हाउसिंग वेगळं असू शकतं. जुना इम्पेलर काढा, त्याचा व्यास, उंची, पात्यांची संख्या आणि मधल्या भोकाचं माप मोजून, शेजारी पट्टी ठेवून फोटो टाका. गॅस्केटचा पण हेड निघाल्यावर तसाच. इथे टाका, मी बघून सांगतो.