बागेतील शोभेचे सौर दिवे भाद्रपदात कितपत चालतील?

प्रश्न (कोथरूड): आमच्या बंगल्यासमोरच्या छोट्या बागेत आंब्याच्या सावलीमुळे पायवाटेवर जेमतेम दोन तास ऊन पडते. गौरी-गणपतीपूर्वी तेथे शोभेचे सौर दिवे लावायचे आहेत. परंतु ढगाळ हवेत ते रात्रभर चालतील का?

प्रतिसाद (सहकारनगर): रात्रभराची अपेक्षा ठेवू नये. डोक्यावरच इवलेसे पॅनेल असलेले, जमिनीत खोचायचे दिवे तुमच्या पायवाटेवर निरुपयोगी ठरतील, कारण पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी वीजनिर्मिती बरीच घटते. त्यापेक्षा वायरने जोडलेले स्वतंत्र पॅनेल असलेली माळ घ्यावी आणि ते पॅनेल गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंश कलते ठेवावे. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ असल्याने हा कल वर्षभर चालतो, शिवाय पावसाने धूळही धुऊन जाते.

प्रतिसाद (औंध): बॅटरी बदलता येते का, हे आधी विचारावे. स्वस्त दिव्यांत बहुधा १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी त्याहून अधिक टिकते. तसेच रस्त्यावरील दिव्याचा उजेड पॅनेलवर पडत असल्यास माळ लागणारच नाही, कारण अंधार झाल्याचे ती सहसा पॅनेलवरूनच ओळखते.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. गच्चीपर्यंत वायर वाढवली तर चालेल का?

प्रतिसाद (सहकारनगर): चालेल, मात्र व्होल्टेज कमी असल्याने वायर जाड घ्यावी. तापकीर गल्लीत (पुण्यातील विजेच्या साहित्याच्या बाजारात) ती सहज मिळेल.