बिटकॉइन पाठवताना ओळख लपवायची, तर आधी टॉर की आधी नाण्यांची निवड?

नोडकर
बिटकॉइनमधल्या गोपनीयतेची चर्चा निघाली की गाडी लगेच पत्त्यांवर जाते. माझ्या मते पहिलं भोक तिथे नाहीच. व्यवहार बिटकॉइनच्या संगणक-जाळ्यात सोडता त्या क्षणी ते पडतं.

मोबाईलवरची बहुतेक हलकी वॉलेटं शिल्लक कळावी म्हणून तुमचे सगळे पत्ते कुणाच्या तरी सर्व्हरला विचारतात. म्हणजे पत्त्यांची अख्खी यादी आणि तुमचा आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता), दोन्ही एकाच ठिकाणी जमा. व्यवहारही त्याच सर्व्हरमार्फत बाहेर पडतो. साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची जाहीर वही, चाळायची गरजच उरत नाही.

उपाय म्हणजे स्वतःचा नोड, म्हणजे व्यवहार स्वतः तपासणारा जाळ्यातला संगणक. डिस्क लहान असेल तर बिटकॉइन कोअर (नोडचं मुख्य सॉफ्टवेअर) प्रून करून चालवा, जुने ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) ५५० एमबीपर्यंत छाटता येतात. उतरवून तपासायची मात्र पूर्ण साखळीच, ६०० जीबीच्या वर. आणि छाटलेल्या नोडवर जुनं वॉलेट नंतर आणलंत तर मागचे व्यवहार शोधायला सगळं पुन्हा उतरवावं लागतं, म्हणून वॉलेट आधी जोडा. साखळी उतरवताना टॉर (आयपी लपवणारं जाळं) नसला तरी बिघडत नाही. ब्लॉक सगळेच उतरवतात, त्यातून तुमचं वॉलेट कळत नाही. उतरवून झालं की टॉरवर या आणि मगच पाठवा.

नेहमीची चूक सेटिंगमधली. ‘ऑनियन=’ एवढीच ओळ लिहिली तर फक्त ऑनियन (टॉरच्या आतल्या) पत्त्यांकडे जाणाऱ्या जोडण्या टॉरमधून जातात, बाकीच्या थेट तुमच्या आयपीवरून. ‘प्रॉक्सी=१२७.०.०.१:९०५०’ हवं, म्हणजे सगळ्याच जोडण्या टॉरमधून जातात, सोबत ‘ओन्लीनेट=ऑनियन’, म्हणजे बाहेरच्या जोडण्या फक्त ऑनियन पत्त्यांशीच. टॉर ब्राउझरच्या भरवशावर असाल तर पोर्ट ९१५०.

साखळीतोड
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आयपी पकडायला कुणीतरी त्या क्षणी टपून बसलेलं असावं लागतं. साखळी मात्र कायमची. आज कुणी पाहिलं नाही तरी दहा वर्षांनी निवांत पाहील.

समजा वॉलेटमध्ये दोन नाणी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी आलेल्या दोन रकमा, आहेत: ०.०५ एक्स्चेंजमधून (नाणी विकणाऱ्या कंपनीकडून) आलेलं, ०.०१२ मित्राने दिलेलं. ०.०५५ द्यायचे आहेत. वॉलेट दोन्ही एकत्र टाकतं आणि साधारण ०.००७ सुटे परत येतात. झालं! दोन्ही नाणी एकाच माणसाची, हे त्या व्यवहारावर छापलं गेलं. एक्स्चेंजकडे तुमचं केवायसी आहे, म्हणजे मित्राचा धागाही तुमच्या नावाला बांधला. बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ शोधनिबंधातच ही कबुली आहे, आणि २०१३ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी हाच धागा धरून पत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे एकेका मालकाखाली लावून दाखवले.

सुट्यांचा पत्ता तर आणखी सहज ओळखू येतो. आत गेलेली नाणी ‘बीसी१क्यू’ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची, बाहेर एक ‘३’ने सुरू होणारा पत्ता आणि एक ‘बीसी१क्यू’. सुटे कुठले, हे शेंबडं पोरही सांगेल. दिलेली रक्कम ०.०२ अशी गोल आणि उरलेली ०.०२९९८७३१, मग तर बोलायलाच नको.

तुमच्या टॉरने यातलं काय झाकलं?

करायचं ते असं. नाणं येताच त्याला लेबल लावा: कुणाकडून, कशासाठी. वेगवेगळ्या गोतावळ्यातली नाणी एका व्यवहारात कधीच आणू नका. स्पॅरोसारख्या वॉलेटमध्ये नाणं गोठवता येतं, एक्स्चेंजचं नाणं तिथे गोठवून ठेवा. अनोळखी पत्त्यावरून ५४६ सातोशींचा (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) चुरा आला तर तोही गोठवा. तो खर्चात ओढला गेला की त्याच्या शेजारची नाणीही उघडी पडतात. शक्य असेल तिथे अख्खं नाणं देऊन टाका, सुटे परत आलेच नाहीत तर ओळखायचं काय?

नोडकर
नाणी निवडण्याला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. तुम्ही लेबलं लावलेली ती निवडक नाणी पाहायला वॉलेट पुन्हा त्याच परक्या सर्व्हरला विचारत असेल, तर सगळे गोतावळे त्याच्या टेबलावर एकत्रच पडलेत की! गोठवलेलं नाणंही त्याला दिसतंच.

आणि ‘टपून बसावं लागतं’ हे खरं, पण ते स्वस्त आहे. हजारो नोडांना जोडून घ्यायचं आणि व्यवहार सर्वांत आधी कुणाकडून आला ते टिपायचं. कोअर मुद्दाम यादृच्छिक उशीर लावतो, बाहेर केलेल्या जोडण्यांना सरासरी २ सेकंद, आत आलेल्यांना ५. तेवढ्याने अंदाज धूसर होतो, पुसला जात नाही. शुल्क कमी ठेवून व्यवहार अडकला तर आणखी वाईट. तुमचं वॉलेट तो अधूनमधून पुन्हा जाहीर करत राहतं, आणि असं सहसा मालकाचाच नोड करतो. ‘वॉलेटब्रॉडकास्ट=०’ ठेवून सही केलेला व्यवहार हाताने टॉरवरून सोडला तर ही खूण राहत नाही.

मोनेरोप्रेमी
दोघेही गळक्या बादलीला ठिगळं लावताय. मोनेरो या गोपनीयतेसाठीच बनवलेल्या दुसऱ्या चलनात रक्कम लपते, घेणाऱ्याचा पत्ता दर वेळी एकदाच वापरायचा बनतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून प्रत्येक खर्चात खऱ्या नाण्यासोबत १५ तोतये उभे असतात. जाळ्याच्या बाजूला २०२० पासून डँडेलियन++ आहे: व्यवहार आधी एकाकडून एकाकडे असा देठातून सरकतो, प्रत्येक नोडवर साधारण २० टक्के शक्यतेने ‘फुलतो’ आणि मग चौफेर पसरतो. सर्वांत आधी ऐकणाऱ्याला देठाचं टोक दिसतं, मूळ नाही. बिटकॉइन कोअरने हे घेतलं नाही, कारण देठातले व्यवहार वेगळे साठवायला लागतात आणि तिथे कचरा ओतून नोड बुडवायची वाट मोकळी होते.

साखळीतोड
तोतये फुकट वाचवत नाहीत. परक्या नोडवरून मोनेरो पाठवलंत आणि त्याने मुद्दाम ‘अयशस्वी’ म्हणून परतवलं, तर नव्या प्रयत्नात तोतये बदलू शकतात, खरं नाणं तेच राहतं. दोन याद्यांत सामाईक काय ते पाहिलं की खेळ खलास. आणि एका एक्स्चेंजमधून ३.२१७ काढून तासाभरात दुसरीकडे जवळपास तेवढेच भरलेत तर तोतयांचं कुठलंही वर्तुळ कामाचं नाही. शिवाय बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढलं, युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून सेवा देणाऱ्या कंपन्यांना अशी नाणी हाताळायला बंदी. बाहेर पडायचं दारच अरुंद होत चाललंय.

हिशेबनीस
भारतातल्या वाचकांसाठी एक पाचर. मार्च २०२३ पासून इथली एक्स्चेंजेस मनी लाँडरिंग कायद्याखाली आहेत, आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस पॅनवर नोंदला जातो. तिथून घेतलेलं नाणं आयकर खात्यापासून लपलेलं नसतंच आणि लपवूही नका. इथे प्रश्न आहे तो पैसे घेणाऱ्या दुकानदाराला किंवा परदेशातल्या क्लायंटला तुमची सगळी शिल्लक दिसू नये एवढाच. त्या कामाला साखळीतोडांची लेबलं पुरतात. उलट विवरणपत्र भरताना तीच लेबलं खरेदी किमतीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

साखळीतोड
हेच म्हणतोय! आणि नोडकर, ‘ओन्लीनेट=ऑनियन’ची दुसरी बाजू तुम्ही सांगितली नाहीत. ऑनियन पत्ते बनवायला दमडीही लागत नाही. कुणी हजार खोटे नोड उभे केले तर तुमच्या सगळ्या जोडण्या त्याच्याच घरात जाऊ शकतात. कोअरच्या स्वतःच्या कागदपत्रांतही हा इशारा आहे.

नोडकर
हे मान्य, ते लिहायला हवं होतं. म्हणून आयटूपीही (टॉरसारखंच दुसरं जाळं) सुरू करा, २०२१ च्या २२.० आवृत्तीपासून कोअरमध्ये ते आहे. ‘ओन्लीनेट’ची ओळ दोनदा लिहिता येते, एक ऑनियन, एक आयटूपी. नंतर ‘नेटइन्फो’ (जोडण्या दाखवणारी कोअरची आज्ञा) चालवून बघा: बाहेर जाणाऱ्या जोडण्यांत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (साधे इंटरनेट पत्ते) खाली शून्य दिसलं पाहिजे. शून्याखेरीज आकडा दिसला तर पाठवायचं थांबवा आणि आधी त्या ‘ओन्लीनेट’च्या आणि प्रॉक्सीच्या ओळी तपासा.