लँगफ्लो: 'चार ठोकळे जोडा, दहा मिनिटांत चॅटबॉट' या लेखाबद्दल

उंबरठा:
काल आलेल्या लेखाचं म्हणणं असं: लँगफ्लो हे पडद्यावर ठोकळे जोडून एआय ॲप बनवायचं साधन उतरवा, चार ठोकळे ओढा, तारा जोडा, दहा मिनिटांत तुमच्या कागदपत्रांवर मराठीत उत्तरं देणारा चॅटबॉट तयार, कोडची एक ओळ नको. असं वाचून बसलेला नवखा माणूस तिसऱ्या दिवशी हात टेकतो आणि दोष स्वतःला देतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

ते चार ठोकळे म्हणजे चॅट इनपुट, प्रॉम्प्ट (मॉडेलला द्यायची सूचना), लँग्वेज मॉडेल, चॅट आउटपुट. मॉडेलची की (ते वापरायची गुप्त किल्ली) टाकायची, प्लेग्राउंड ही चाचणीची चॅट खिडकी उघडून विचारायचं. हे दहा मिनिटांत होतं, मान्य. पण यात तुमची कागदपत्रं कुठे आहेत? त्यासाठी 'व्हेक्टर स्टोअर रॅग' (साठ्यातून जुळणारे तुकडे शोधून मॉडेलला देणारं) हे टेम्प्लेट घ्यावं लागतं, आणि त्याच्या एकाच कॅनव्हासवर (ठोकळे मांडायच्या पाटीवर) दोन स्वतंत्र फ्लो, म्हणजे ठोकळ्यांच्या साखळ्या, असतात. एक फाइल वाचतो, तुकडे पाडतो, एम्बेडिंग (तुकड्याचा अर्थ दाखवणारी आकड्यांची यादी) काढून साठवतो. दुसरा प्रश्न घेतो आणि साठ्यातून तुकडे शोधतो. पहिला फ्लो आपण चालवायचा असतो, व्हेक्टर स्टोअरच्या, म्हणजे साठ्याच्या, ठोकळ्यावरचं रनचं बटण दाबून. लेखात याचा उल्लेखच नाही. मग लोक थेट प्लेग्राउंडमध्ये विचारतात, साठा रिकामा असतो आणि मॉडेल मनाचं काहीतरी ठोकून देतं.

शिवाय दोन्ही फ्लोंत एम्बेडिंग मॉडेल एकच हवं. भरताना १५३६ मितींचं (यादीत तितके आकडे देणारं) आणि शोधताना १०२४ मितींचं लावलं तर एरर येते, म्हणजे निदान कळतं तरी. मिती सारख्या आणि मॉडेल वेगळं असेल तर एरर येत नाही, तुकडे भलतेच येतात. साठ्यासाठी क्रोमा वापरत असाल तर पर्सिस्ट डिरेक्टरीचा रकाना भरा. रिकामा राहिला तर डेटा फक्त मेमरीत राहतो आणि सर्व्हर बंद झाला की गेला.

सुतारपक्षी:
या सगळ्या चुका पायथॉनमध्ये हाताने लिहिलं तरी होतातच की. त्याचं खापर कॅनव्हासवर कशाला? उलट इथे त्या लवकर सापडतात. प्रत्येक ठोकळ्याचं आउटपुट तिथल्या तिथे उघडून बघता येतं. मी शिकवताना हाच क्रम ठेवते: फाइल चालवा, आउटपुट बघा. स्प्लिट टेक्स्ट चालवा, तुकडे बघा. मगच एम्बेडिंग. तारांचे रंगही उगाच नाहीत, मेसेज आणि डेटा यांचे प्रकार वेगळे असतात आणि न जुळणारी टोकं जोडलीच जात नाहीत. मध्ये डेटाचा मेसेज करणारा पार्सर टाकावा लागतो.

नवख्यांची खरी अडचण प्रॉम्प्टमधल्या महिरपी कंसांची असते. कंसात लिहिलं की तो व्हेरिएबल होतो आणि ठोकळ्याला नवं टोक फुटतं. नमुना म्हणून जेसन (महिरपी कंसांत मांडलेला डेटा) चिकटवलं की नको ती टोकं उगवतात. तिथे कंस दुहेरी करायचे.

उंबरठा:
बघता येतं हे खरं. पण दोघांनी मिळून काम करायला घ्या, मग कळेल. फ्लो एक्स्पोर्ट केला की जेसन मिळतं. त्यात प्रत्येक ठोकळ्याचा अख्खा कोड असतो आणि कॅनव्हासवरची जागाही असते. ठोकळा जरा उजवीकडे सरकवला तरी गिटला (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनाला) बदल दिसतो. या गर्दीत प्रॉम्प्टमधला एक 'नाही' उडालेला कोणाच्या नजरेला येणार? वर, एक्स्पोर्ट करताना एपीआय की सोबत घेण्याचा पर्याय असतो. तिथे खूण केली आणि फाइल पुढे पाठवली, तर तुमची कीही सोबत गेली.

जुळारी:
तुम्ही दोघं ठोकळ्यांवर भांडताय, आणि आत जाणारा मजकूर कोणी बघतच नाहीये. मराठी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टातली फाइल असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फाइलचा ठोकळा तेच उचलतो. तक्रार करत नाही, हिरवी खूण दाखवतो. युनिकोड असेल तरी सुटका नाही: पीडीएफमधून काढताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, जोडाक्षरं फुटतात.

सुतारपक्षी:
हा पीडीएफचा प्रश्न झाला, लँगफ्लोचा नाही. मूळ विषयावर या.

जुळारी:
विषयावरच आहे! लेखात 'तुमच्या कागदपत्रांवर मराठीत उत्तरं' असं लिहिलंय. गेल्या तीस वर्षांतली सोसायट्यांची, शाळांची, छापखान्यांची कागदपत्रं या फॉन्टांत पडली आहेत. ती नीट आत गेली नाहीत तर बाहेर काय येणार? दरवेळी मराठी मजकुराचा मुद्दा काढला की 'विषयावर या' ऐकावं लागतं, त्याचा वैताग येतो.

पानगळ:
यावर सरळ उपाय आहे. जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. पानाची ३०० डीपीआयने प्रतिमा काढा आणि टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढा. मराठीचा डेटा लावा, हिंदीचा नको.

जुळारी:
सरसकट ओसीआर हा चुकीचा सल्ला आहे. भ-म आणि ध-घ यांत गल्लत होते, तक्त्यांचे रकाने एकमेकांत मिसळतात. सोसायटीच्या ताळेबंदात आकडा चुकला तर? मूळ फाइल हाताशी असेल तर कन्व्हर्टरच. मात्र नेमक्या त्याच फॉन्टचा. प्रत्येक फॉन्टात कोणत्या जागी कोणतं चिन्ह हे वेगळं असतं. रफार अक्षरानंतर टाइप केलेला असतो, तो आधी आणावा लागतो. वेलांटी आधी असते, ती मागे न्यावी लागते. एक पान बदला, डोळ्यांनी वाचा, मग बाकीची.

पानगळ:
आणि मूळ फाइल नसेल, नुसतं स्कॅन असेल तर? तेव्हा तुमचा कन्व्हर्टर काय करणार?

जुळारी:
स्कॅनला ओसीआरशिवाय गत्यंतर नाही, तेवढं तुमचं बरोबर. पण आकडे हाताने तपासल्याशिवाय आत घालू नका. आणि ओसीआर असो की कन्व्हर्टर, नंतर मजकूर एकसारखा करून घ्या. 'दऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कुठे नुक्त्याचा ऱ, कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. दिसतं सारखं, शोधात जुळत नाही. युनिकोडची मजकूर एकसारखा करायची पद्धत, एनएफसी, हे दोन एक करत नाही, बदलाचा नियम आपणच लिहावा लागतो.

उंबरठा:
म्हणजे कोडची ओळ आलीच.

जुळारी, तुमच्या मुद्द्यात एक भर. एम्बेडिंगसाठी फुकटचं आणि हलकं म्हणून बरेच जण ऑल-मिनीएलएम-एल६-व्ही२ निवडतात. ते इंग्रजीसाठी आहे. त्याचा टोकनायझर (मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे टोकनं, पाडणारा भाग) अक्षरांवरचे 'अॅक्सेंट' काढून टाकतो आणि त्या झाडूत आपले उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्तही जातात. काना, वेलांट्या, ओ-औची चिन्हं आणि विसर्ग तेवढे वाचतात. 'पूर', 'पेर' आणि 'पर' हे तिन्ही त्याच्या लेखी 'पर'. वर मर्यादा २५६ टोकनांची, आणि देवनागरी तो जवळजवळ सुटी अक्षरं करून मोजतो. 'विद्यार्थ्यांना' डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये १५ चिन्हं. १००० चिन्हांच्या तुकड्याचं शेपूट तो वाचतच नाही. बीजीई-एम३ घ्या, ते बहुभाषी आहे आणि ८१९२ टोकनं झेलतं. मल्टिलिंग्वल-ई५ घेतलंत तर मर्यादा ५१२, आणि प्रश्नाच्या आधी 'क्वेरी:', मजकुराच्या आधी 'पॅसेज:' हे इंग्रजीत लावावंच लागतं.

सुतारपक्षी:
मिनीएलएमचं हे मला माहीत नव्हतं. माझ्या नोट्समध्ये तेच मॉडेल दिलंय, बदलते. पण 'कॅनव्हास नको' हे मी तरीही मानणार नाही. ठोकळा तोच राहतो, मॉडेल बदललं की काम झालं.

कुलूप:
काम झालं म्हणून तोच फ्लो कोणी सार्वजनिक सर्व्हरवर टाकायच्या आधी एक गोष्ट ऐका. लँगफ्लोमध्ये सीव्हीई-२०२५-३२४८ (हा सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) ही त्रुटी होती. कोड तपासणाऱ्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामनी वापरायच्या दाराला) लॉगिनच लागत नव्हतं, त्यामुळे बाहेरचा कोणीही सर्व्हरवर हवा तो पायथॉन चालवू शकत होता. १.३.० मध्ये ती बुजवली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीआयएसए या सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत ती घातली. जुन्या व्हिडिओत दिसते म्हणून जुनी आवृत्ती उतरवू नका.

ऑटो लॉगिन बंद करा, नाहीतर पत्ता उघडणारा प्रत्येक जण सुपरयूझर, म्हणजे सगळे अधिकार असलेला, होतो. आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) पोर्ट नुसतं ७८६०:७८६० दिलं की ते सगळ्या जगाला उघडं होतं. लिनक्सच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम डॉकर ओलांडून जातो. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा, म्हणजे ते त्याच मशीनपुरतं राहतं. व्हॉल्यूमही (कंटेनरबाहेरची साठवण) जोडा, नाहीतर कंटेनर काढला की फ्लो त्याच्यासोबत जातात.

पानगळ:
ओलामा (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्राम) त्याच मशीनवर आहे, पण डॉकरमधल्या लँगफ्लोला सापडत नाही. पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ११४३४ दिलाय.

कुलूप:
कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. होस्ट.डॉकर.इंटर्नल द्या, पोर्ट तेच. लिनक्सवर हे नाव आपोआप मिळत नाही, कंटेनर सुरू करताना ॲड-होस्टमध्ये होस्ट-गेटवेशी जोडावं लागतं. आणि ओलामा फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तिथेही ते बदला.