'सिक्युरिटी लेबल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कॉलेजातल्या मुलांसाठी पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवर मराठीत टिपणं लिहिते आहे. 'सिक्युरिटी लेबल' या कमांडपाशी अडले. एकांनी 'सुरक्षा नामपत्र' सुचवलं, दुसऱ्यांनी 'गोपनीयतेचा शिक्का'. शिवाय 'मँडेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल'ला 'अनिवार्य प्रवेश नियंत्रण' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: शिक्का नको. कागदावर 'गोपनीय' शिक्का उमटला की तो कागद गोपनीय झाला, असं आपण धरतो. इथे तसं होत नाही. ही कमांड आवृत्ती ९.१ मध्ये, २०११ साली आली, आणि पोस्टग्रेस स्वतः या लेबलचा काहीच अर्थ लावत नाही. टेबल, कॉलम, स्कीमा, फंक्शन अशा वस्तूच्या नावापुढे मजकुराची एक ओळ साठवून ठेवतो, एवढंच. ती ओळ वैध आहे का, ती त्या वस्तूला लावू द्यायची का आणि तिच्यामुळे काय अडवायचं, हे सगळं 'लेबल प्रोव्हायडर' नावाचं वेगळं मॉड्यूल ठरवतं. एकही प्रोव्हायडर लोड केलेला नसेल तर कमांड चालतच नाही, एरर येते. म्हणून साधं 'लेबल' ठेवा आणि क्रियापद 'लावणे'. टेबलाला लेबल लावलं, बदललं, काढलं. मुलं असंच बोलतात आणि त्यात अर्थाला कुठे धक्का लागत नाही.

'नामपत्र' तर मुळीच नको, कारण लेबलात नाव नसतं. एसईलिनक्स या लिनक्समधल्या सुरक्षा व्यवस्थेशी जोडणाऱ्या 'एसईपीजीएसक्यूएल' मॉड्यूलमध्ये ते असं दिसतं: 'सिस्टम_यू:ऑब्जेक्ट_आर:एसईपीजीएसक्यूएल_टेबल_टी:एस०'. वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी असे ते चार भाग. निर्णय बहुतेक वेळा तिसऱ्या भागावर, म्हणजे प्रकारावर होतो.

'अनिवार्य' मला जास्त खटकतो. 'अनिवार्य विषय' म्हटलं की घ्यावाच लागणारा विषय. मुलांना वाटेल, हे नियंत्रण प्रत्येक डेटाबेसला लावावंच लागतं. मुद्दा वेगळाच आहे. ग्रँट (परवानगी देणे) आणि रिव्होक (ती काढून घेणे) यांच्या नेहमीच्या पद्धतीत टेबलाचा मालक आपल्या मर्जीने कोणालाही परवानगी देऊ शकतो. इथे धोरण मालकाच्या वर असतं. मालकाने ग्रँट दिलं तरी लेबलं जुळली नाहीत तर वाचता येत नाही, आणि एसईपीजीएसक्यूएलमध्ये सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ताही, त्यातून सुटत नाही. म्हणून 'बंधनकारक'. हे बंधन मालकावरही आहे, ते या शब्दात नीट येतं.

दुसरं उत्तर: 'बंधनकारक'ला माझंही मत. मग त्याच्या जोडीच्या 'डिस्क्रिशनरी'ला, म्हणजे मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या त्या नेहमीच्या पद्धतीला, 'ऐच्छिक' म्हणू नका, नाहीतर पुन्हा तोच घोळ: ऐच्छिक म्हणजे हवं तर घ्या. 'स्वेच्छाधीन' बरा, किंवा सरळ 'मालकाधीन'. टिपणांत मी 'मालकाधीन' लिहीन, कारण सत्ता कोणाकडे आहे ते शब्दातच कळतं. 'अ‍ॅक्सेस' मात्र तसाच राहू द्या. टेबलात कोणी प्रवेश करत नाही.

प्रश्न: मग 'टेबलाला गोपनीय लेबल लावलं' हे वाक्य चूक का?

उत्तर: वाक्य बरोबर आहे, पण फक्त गोपनीयतेच्या पातळ्या मानणारा प्रोव्हायडर असेल तेव्हा. लेबल आणि गोपनीयता यांची सांगड लष्करी वर्गीकरणातून आली. १९७३ चं बेल-लापाडुला प्रारूप त्यावरच उभं आहे: वरच्या पातळीचं वाचायचं नाही, खालच्या पातळीवर लिहायचं नाही. पण पोस्टग्रेसची सोय त्याहून मोकळी आहे. 'अनॉनिमायझर' हे एक्स्टेन्शन हीच कमांड कॉलम झाकण्याचे नियम लिहायला वापरतं. तिथे लेबलात पातळी नसते. खऱ्या मूल्याऐवजी कोणत्या फंक्शनचं उत्तर दाखवायचं ते असतं. म्हणून 'सिक्युरिटी'चंही 'गोपनीयता' करू नका. 'सुरक्षा लेबल' पुरेसं आहे.

आणि लेबल बदलण्याबद्दल टिपणांत एक ओळ जरूर घाला. एसईपीजीएसक्यूएलमध्ये दोन परवानग्या लागतात: जुनं लेबल सोडण्याची वेगळी आणि नवं घेण्याची वेगळी. मुलं एकच धरतात आणि मग नकार का आला ते शोधत बसतात. लेबल काढायचं असेल तर मजकुराच्या जागी 'नल' (म्हणजे काहीच मूल्य नाही) लिहायचं.