प्रेसचे इंटरलॉक एकाच सुपरवायझरच्या पाळीत शाबूत का राहतात?

प्रेसशॉप_३
स्टॅम्पिंग लाइनवर इंटरलॉकमध्ये, म्हणजे गार्ड उघडला की प्रेस थांबवणाऱ्या स्विचमध्ये, सुटी चावी खोचलेली वारंवार सापडते, म्हणजे गार्ड उघडा असूनही प्रेस चालते. ट्रेनिंग झालं, मेमो दिले, पोस्टरं लावली. पण चारपैकी एका सुपरवायझरच्या पाळीत हे कधीच दिसत नाही. मशिनं तीच, ऑपरेटरही आळीपाळीने तेच. फरक नेमका कुठे पडत असेल?

पक्कागार्ड
आधी जाम, म्हणजे प्रेसमध्ये माल अडकण्याचे प्रसंग, मोजा. गार्ड उघडला की रिसेट, होमिंग (मशीन मूळ जागी आणणं), पहिला नग तपासणं आलंच. दर वेळी २ मिनिटं धरली आणि पाळीत १५ जाम झाले, तर अर्धा तास गेला. टार्गेट मात्र तेवढंच. पाळी संपताना "किती नग निघाले?" एवढंच विचारणारा सुपरवायझर बायपासला (अशी चावी खोचण्याला) तोंडाने नाही म्हणतो आणि आकड्याने हो.

तुमचा तो चौथा बहुधा जामचा वेळ टार्गेटमधून वजा करत असणार, विचारून बघा. कोणती डाय (साचा), कोणतं स्टेशन, किती वेळा हे वहीत आलं, की स्लग (पंचाने कापलेला तुकडा) वर येतोय, फीडरची पिच (पत्रा दर वेळी पुढे सरकण्याचं अंतर) सरकलीय की पंचाची धार गेलीय ते शोधता येतं. चावी जप्त करून भागत नाही, दुसरी येते. कोडेड स्विचला (जो आपल्या जोडीची चावीच ओळखतो) ती चालणार नाही, पण जाम तसाच राहिला तर पुढची युक्ती निघेलच.

कुलूपकिल्ली
+१. शिवाय जाम काढताना सुपरवायझर स्वतः काय करतो तेही बघा. "एका मिनिटाचं काम" म्हणत त्याने एकदा उघड्या प्रेसमध्ये हात घातला, की सगळं ट्रेनिंग पाण्यात.

मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरतच असतं. ते पूर्ण थांबू द्या. मेन आयसोलेटर (मुख्य वीज-स्विच) ऑफ करून प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. सगळ्यांच्या वतीने सुपरवायझरचं एकच कुलूप चालणार नाही. मग रॅमखाली (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे टेकू, आणि त्यानंतरच हवा सोडायची. उलट केलं तर काउंटरबॅलन्सची (रॅमचं वजन तोलून धरणारी) हवा जाते आणि रॅमचं वजन नुसत्या ब्रेकवर येतं. शेवटी स्टार्ट बटण दाबून खात्री.

खरा घोळ पाळी बदलताना होतो. जाणारा कुलूप काढतो, येणाऱ्याचं लावायचं राहतं. येणाऱ्याचं आधी लागलं पाहिजे, दोन्ही सुपरवायझर मशीनपाशी असताना.

मिलीसेकंद
लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) असेल तर "दिवा हिरवा आहे" यावर जाऊ नका. आयएसओ १३८५५ (कर्टन किती दूर लावायचा ते सांगणारं मानक) नुसार जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. १४ मिमी रिझोल्यूशनच्या (एवढी जाड वस्तूही टिपणाऱ्या) कर्टनला एकूण थांबण्याचा वेळ ०.१५ सेकंद असेल तर धोक्याच्या जागेपासून किमान अंतर ३०० मिमी. ब्रेक लायनिंग झिजून वेळ ०.२० झाला की ४०० लागतं, आणि कर्टन तर जागचा हललेला नसतो. स्टॉप टाइमचं शेवटचं रीडिंग सुपरवायझरला माहीत नसेल, तर ब्रेक "जरा ढिला वाटतोय" ही ऑपरेटरची तक्रार तो हसण्यावारी नेतो.

प्रेसशॉप_३
जामची वही उद्यापासून सुरू करतो. थोडक्यात हुकलेले प्रसंगही कोणी कळवत नाही, त्याचं काय?

पक्कागार्ड
कळवल्यावर पहिला प्रश्न "चूक कोणाची?" असेल तर पुढचा माणूस गप्पच बसणार. त्याच पाळीत मशीनपाशी जाऊन बघा, काय केलं ते त्याच कागदावर लिहा, आणि सांगणाऱ्याला तो कागद दाखवा. काम लगेच होणार नसेल तर तारीख टाका.